पळस्पे फाटा ते एडनचा तुरुंग : एका कारकुनाच्या मागे इंग्रज सरकार एवढं हात धुऊन का लागलं होतं?

गणपतीला पेण-रोह्याकडे निघालेली जवळपास प्रत्येक गाडी पळस्पे फाट्यावर एकदा तरी अडकते. तिथून पुढे सुटली की थोड्याच वेळात शिरढोण लागतं. मग कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसायला लागतो आणि घाट उतरला की पेणची हद्द येते. या पंधरा-वीस किलोमीटरच्या पट्ट्यात एक मोठी गोष्ट दडलेली आहे.

कर्नाळ्यावर ज्यांचे आजोबा किल्लेदार होते, शिरढोणात ज्यांचा जन्म झाला आणि पळस्प्यावर ज्यांच्या माणसांनी १८७९ सालच्या मे महिन्यात दरोडा घातला, ते वासुदेव बळवंत फडके.

शाळेच्या पुस्तकात फडक्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतात आणि चार ओळींत विषय संपतो. पण त्यांच्या गोष्टीची दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही, ती म्हणजे सरकारची. जेमतेम पाच महिने चाललेलं एक बंड, ज्यात कधी फार माणसं जमली नाहीत, ते मोडायला सरकारने काय काय केलं? आणि त्याच वेळी दूर अफगाण सरहद्दीवर चाललेल्या लढाईचा पेणच्या मिठाशी आणि पुण्याच्या वाड्यांशी काय संबंध होता?

तर सुरुवात शिरढोणपासून करू.

४ नोव्हेंबर १८४५ रोजी फडक्यांचा जन्म झाला. आजोबा अनंतराव पेशवाईत कर्नाळ्याचे किल्लेदार. जानेवारी १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने कर्नाळा घेतला आणि किल्लेदारी संपली. त्यामुळे घरात गेलेल्या राज्याच्या गोष्टी होत्या, राज्य मात्र नव्हतं. आजोळ कल्याणला. शिक्षण कल्याण, मुंबई, पुणे असं तुकड्या-तुकड्यांत झालं. सत्तावनचा उठाव झाला तेव्हा हा पोरगा अकरा-बारा वर्षांचा होता.

त्या काळात इंग्रजी येणारा मुलगा जे करायचा तेच फडक्यांनी केलं. नोकरी धरली. आधी रेल्वेत, मग ग्रँट मेडिकल कॉलेजात, मग लष्कराच्या पुरवठा खात्यात, म्हणजे कमिसरियटमध्ये. १८६५ च्या सुमारास ते पुण्याला आले आणि लष्कराच्या हिशोब कचेरीत कारकून झाले. सैन्याला काय लागतं, ते कुठून येतं, त्याला किती पैसे जातात, ही आकडेमोड त्यांच्या टेबलावर चालायची. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८७० च्या सुमाराची गोष्ट. आई आजारी असल्याचा निरोप आला. फडक्यांनी रजा मागितली, साहेबाने दिली नाही. शेवटी ते रजेची वाट न बघता निघाले, पण पोचेपर्यंत आई गेली होती. वर्षश्राद्धाला पुन्हा रजा मागितली, तीही नाकारली. त्यांच्या मनात सरकारविषयी जी अढी बसली, तिची सुरुवात बहुतेक चरित्रकार इथूनच धरतात. ते खरंही असेल. पण रजा न मिळाल्यामुळे कुणी राज्य उलथवायला निघत नाही. त्यासाठी आजूबाजूला बरंच काही जळत असावं लागतं, आणि ते जळत होतं.

दख्खनचा शेतकरी तेव्हा दोन्हीकडून भरडला जात होता. सारा रोख भरायचा. पीक आलं नाही तरी भरायचा. पैसा नसला की सावकाराकडे जायचं, अंगठा उठवायचा आणि मग कोर्टाच्या हुकुमाने जमीन जायची. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं घेरली आणि कर्जरोख्यांची होळी केली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाचं कागदकाम चालू असतानाच १८७६ साली पाऊस दगावला.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ हा एकोणिसाव्या शतकातल्या सगळ्यात भीषण दुष्काळांपैकी एक. दख्खन, कर्नाटक, मद्रास मिळून पन्नास लाखांहून जास्त माणसं मेली. गंमत म्हणजे, याला गंमत म्हणवत नाही खरं तर, ऐन दुष्काळात १ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने दिल्लीत मोठा दरबार भरवला आणि व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर केलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्या दरबाराला स्वतः कातलेल्या सुताच्या खादीत गेले होते.

त्याच जानेवारीत लिटनने सर रिचर्ड टेंपल नावाच्या अधिकाऱ्याला दुष्काळी भागात पाठवलं. हा टेंपल मोठा विलक्षण माणूस. १८७४ मध्ये बिहारात दुष्काळ पडला तेव्हा याच टेंपलने ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोकांना जगवलं होतं. बक्षीस काय मिळालं, तर उधळ्या म्हणून टीका. ती त्याला चांगलीच झोंबली असावी. कारण दख्खनमध्ये आल्यावर त्याने दुष्काळी कामावरच्या मजुराचं धान्य दिवसाला दीड पौंडावरून एक पौंडावर आणलं. एक पौंड म्हणजे आजच्या मापाने साधारण साडेचारशे ग्रॅम. तेवढ्यावर माणसाने दिवसभर खडी फोडायची. हजारो मजूर कामं सोडून निघून गेले, सार्वजनिक सभेने अर्जांवर अर्ज केले. त्याच वर्षी टेंपल मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला.

फडके हे सगळं पुण्यात बसून ऐकत नव्हते. त्यांनी गावोगाव फिरून दुष्काळ डोळ्यांनी पाहिला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची पुण्यातली व्याख्यानं त्यांनी ऐकली होती. देशाचा व्यापार कसा बुडाला, पैसा कुठे जातो, हे रानडे शांतपणे समजावून सांगत. फडक्यांनी त्यातून स्वदेशीचं व्रत घेतलं. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्या बरोबर पुण्यात शाळा काढली, तीच पुढे भावे स्कूल म्हणून नावारूपाला आली. म्हणजे हा माणूस आधी सनदशीर वाटेनेच चालत होता.

आता जरा पुण्यातून थेट वायव्य सरहद्दीकडे जावं लागेल.

लिटनला दुष्काळापेक्षा रशियाची जास्त काळजी होती. रशिया मध्य आशियातून खाली सरकतोय, उद्या अफगाणिस्तानात येईल आणि परवा हिंदुस्थानच्या दारात, अशी भीती. काबूलच्या अमिराने रशियाचा वकील ठेवून घेतला आणि इंग्रजांचा वकील खैबर खिंडीतून परत पाठवला. झालं. नोव्हेंबर १८७८ मध्ये दुसरं अफगाण युद्ध सुरू झालं.

युद्धाला पैसा लागतो, आणि तो कुठून आला हे बघण्यासारखं आहे. दुष्काळानंतर सरकारने एक योजना आखली होती. दरवर्षी दीड कोटी रुपये बाजूला काढायचे, पुढचा दुष्काळ आला की ते कामी येतील. त्यासाठी १८७८ मध्ये व्यापारी आणि कारागिरांवर लायसन्स कर बसवला. सुरतेत त्यावरून दंगल झाली, गोळीबार झाला. मिठावरचा करही मुंबई इलाख्यात मणामागे एक रुपया तेरा आण्यांवरून अडीच रुपयांवर नेला होता. पेणच्या खाडीकाठावर मिठागरं होती आणि हे मीठ घाट चढून देशावर जायचं. म्हणजे पेणचा आगरी मीठ पिकवणार, सुप्याचा कुणबी ते विकत घेणार आणि मधला कर सरकारी तिजोरीत जाणार. लोकांना सांगितलं होतं की हा पैसा दुष्काळासाठी आहे. युद्ध पेटल्यावर दुष्काळाचा तो निधी बाजूला राहिला आणि पैसा सरहद्दीकडे वळला. यावर त्या काळात इंग्लंडातही आरडाओरडा झाला.

ओरडणाऱ्यांचीही सोय लिटनने आधीच करून ठेवली होती. मार्च १८७८ मध्ये देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर लगाम घालणारा कायदा एका दिवसात मंजूर झाला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. त्याच वर्षी शस्त्रांचा कायदा आला. परवान्याशिवाय बंदूक, तलवार बाळगता येणार नाही. युरोपियनांना मात्र त्यातून सूट. फौज सरहद्दीवर गुंतलेली असताना घरात शांतता हवी, असा सरळ हिशोब होता.

आता शिरढोणच्या कारकुनाकडे परत. लष्कराच्या हिशोब कचेरीत बसलेल्या माणसाला युद्ध म्हणजे काय ते इतरांपेक्षा जरा जास्तच कळत असणार. फौज कुठे चाललीय आणि मागे किती उरलीय, हा त्याच्या कामाचाच विषय.

फडक्यांनी तयारी काही वर्षं आधीपासून सुरू केली होती. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत ते दांडपट्टा, तलवार, बंदूक शिकले. पहिली पत्नी वारल्यावर जुन्नरच्या कानिटकरांच्या गोपिकाबाईंशी लग्न झालं होतं. त्यांनाही फडक्यांनी लिहायला-वाचायला आणि घोड्यावर बसायला शिकवलं. मग त्यांनी पुण्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांना उठावासाठी साद घातली. बहुतेकांनी मान डोलावली आणि घरचा रस्ता धरला. नोकऱ्या होत्या, घरं होती, भीती होती.

साथ दिली ती रामोशी, कोळी, धनगर अशा लोकांनी. रामोशी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गावची राखण करणारे. इंग्रजी राज्यात त्यांची वतनं आणि हक्क आटत गेले होते. उमाजी नाईकांना १८३२ मध्ये फाशी दिल्याची आठवण त्यांच्यात ताजी होती. फडक्यांचा बेत साधा होता. सावकार लुटायचे, त्या पैशातून माणसं आणि हत्यारं उभी करायची, मग सरकारी खजिने लुटायचे, तारा तोडायच्या, रेल्वे थांबवायची. सगळीकडे एकदम गडबड उडाली की लोक आपोआप उठतील.

फेब्रुवारी १८७९ मध्ये लोणीजवळ टोळी जमली. २३ तारखेला शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर पहिला दरोडा पडला. त्यानंतर पुण्याच्या आसपास आणि मावळपट्ट्यात एकामागून एक गावं लुटली गेली. गोपिकाबाईंना त्यांनी आधीच माहेरी पाठवून दिलं होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्या घरांवर हे दरोडे पडले, त्यांच्यासाठी ते दरोडेच होते. फडक्यांनाही ते टोचत होतं. शिवाय टोळीतल्या बऱ्याच जणांचा जीव लुटीच्या वाटणीत अडकला होता, राज्यात नाही. आपल्या आत्मवृत्तात फडक्यांनी स्वतःच्या माणसांविषयीची ही निराशा लपवलेली नाही. एप्रिलमध्ये ते सगळं सोडून दूर श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले. तिथे देवापुढे प्राण द्यायचा त्यांचा विचार होता. आत्मवृत्त लिहिलं ते याच दिवसांत.

ते तिकडे असताना इकडे टोळीची सूत्रं दौलतराव नाईक या रामोशी साथीदाराकडे होती. दौलतरावांनी मोर्चा कोकणात वळवला. मे महिन्याच्या १० आणि ११ तारखेला पनवेलजवळच्या पळस्पे आणि चिखली या गावांवर छापे पडले. या बंडातली ही सगळ्यात मोठी लूट, लाखाच्या वरची. मुंबई बंदरापासून जवळ, घाटाखाली, जिथे दंगा होईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं तिथे हे घडलं. पण तो ऐवज घेऊन घाट चढत असतानाच मेजर हेन्री डॅनियलच्या तुकडीने दौलतरावांना गाठलं आणि गोळी घालून ठार केलं. बंडाचा कणा खरा तिथे मोडला. फडक्यांकडे कल्पना होती, पण डोंगरातली माणसं सांभाळायची हातोटी दौलतरावांकडे होती.

सरकारला मात्र बंड मोडलंय असं वाटत नव्हतं, कारण त्याच मे महिन्यात फडक्यांचा जाहीरनामा फिरायला लागला होता. त्यात मागण्या होत्या. रयतेला काम द्या, कर कमी करा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे गलेलठ्ठ पगार कापा. नाही केलंत तर युरोपियनांवर हल्ले होतील, सत्तावन पुन्हा होईल. खाली सही शिवाजीच्या प्रधानाची, आणि गव्हर्नर टेंपलच्या डोक्यासाठी बक्षीस. सरकारने फडक्यांवर बक्षीस लावलं होतं, त्याला हे उत्तर. दरोडेखोर असं कधी करत नाहीत. ते कराच्या दरावर आणि पगारावर बोलत नाहीत. लंडनच्या वर्तमानपत्रांपर्यंत हा विषय गेला तो त्यामुळेच.

मग १३ मेच्या रात्री पुण्यात आग लागली. बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा, पेशव्यांचे दोन वाडे ज्यांत सरकारी कचेऱ्या आणि शाळा भरायच्या, पेटले. पुढे कळलं की हे काम रानडे आडनावाच्या दोघा भावांचं होतं आणि त्याचा फडक्यांशी काही संबंध नव्हता. पण तोवर सरकारने आपलं मत बनवून टाकलं होतं. रानडे हे आडनाव, पुण्यातले ब्राह्मण, सार्वजनिक सभा, दुष्काळाचे अर्ज, हे सगळं एका दोरीत ओवलं गेलं. न्यायमूर्ती रानड्यांची तातडीने धुळ्याला बदली झाली. तिथे काही काळ त्यांची पत्रं फोडून वाचली जायची. स्वतःच्याच न्यायाधीशाची टपाल तपासणारं सरकार! ज्या माणसाने आयुष्यभर अर्ज-विनंतीची भाषा शिकवली, त्याच्यावरच पहिला संशय.

जुलै १८७९ मध्ये टेंपलने लिटनला एक पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ असा, की चित्पावन ब्राह्मणांच्या डोक्यातून गेलेलं राज्य अजून गेलेलं नाही आणि कितीही शिक्षण दिलं, नोकऱ्या दिल्या तरी ते जाणार नाही. आता टोळीत बघितलं तर बहुसंख्य माणसं रामोशी, कोळी, धनगर. त्यांना शिक्षणही मिळालं नव्हतं आणि नोकऱ्याही. टेंपलने पुण्याच्या वाड्यांत बंडाचं मूळ शोधलं, पण दीड पौंडाचं एक पौंड केलेलं स्वतःचं माप त्याला या संदर्भात आठवलं नसावं.

तोवर डॅनियलला एकच काम दिलेलं होतं, फडके पकडणे. पुण्यातून लष्करी तुकड्या आणि घोडेस्वार पोलिस डोंगर पिंजत होते. फडके श्रीशैलहून परतले ते नवी योजना घेऊन. निजामाच्या मुलखात रोहिल्यांच्या भाडोत्री टोळ्या होत्या. इस्माईल खान नावाच्या म्होरक्याशी बोलणी करून पाचशे रोहिले उभे करायचं ठरत होतं.

आणि इथे सरहद्दीचा दुसरा खेळ सुरू होतो. ही सरहद्द अफगाणांची नाही, निजामाची.

निजामाच्या हद्दीत इंग्रज पोलिसांना थेट घुसता येत नसे. त्यामुळे इंग्रजी मुलखात दंगा करून निजामाच्या मुलखात उतरायचं, ही दरोडेखोरांची जुनी युक्ती होती. पण १८७९ मध्ये हैदराबादचं गणित वेगळं होतं. निजाम मीर महबूब अली खान जेमतेम तेरा वर्षांचा. कारभार दिवाण सालारजंग यांच्या हातात. सालारजंगांना एकच ध्यास होता, वऱ्हाड परत मिळवायचा. हा सुपीक कापसाचा प्रांत १८५३ मध्ये इंग्रजांनी फौजेच्या खर्चापोटी आपल्याकडे घेतला होता. त्यासाठी सालारजंग १८७६ मध्ये इंग्लंडलाही जाऊन आले होते. अशा वेळी आपल्या हद्दीत इंग्रजांचा शत्रू लपलाय, हा बोभाटा त्यांना परवडणारा नव्हता. हैदराबादचे पोलिस अधिकारी अब्दुल हक डॅनियलच्या जोडीला आले आणि फडक्यांना आडोसा देणारी सरहद्द पुसली गेली. (वऱ्हाड मात्र सालारजंगांना शेवटपर्यंत मिळाला नाही.)

रोहिले जमण्याआधीच डॅनियल माग काढत पोचला. फडके तापाने फणफणलेले, पंढरपूरच्या दिशेने निघाले होते. २० जुलै १८७९ च्या रात्री, तेव्हाच्या कलादगी म्हणजे आजच्या विजयपूर जिल्ह्यातल्या देवर नावदगी गावी, एका देवळात ते झोपलेले सापडले. झटापटीला जागाच उरली नाही.

त्यांना पुण्याला आणून संगम पुलाजवळ ठेवलं. खटला उभा राहिला तो राणीविरुद्ध युद्ध पुकारणे, राजद्रोह आणि दरोडे अशा कलमांखाली. सरकारचा सगळ्यात मोठा पुरावा कोणता होता? फडक्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं आत्मवृत्त आणि रोजनिशी. ती बाडं सापडली, त्यांचं इंग्रजी भाषांतर झालं आणि कोर्टात वाचलं गेलं. आयुष्यभर हिशोब लिहिलेल्या माणसाने बंडाचाही हिशोब लिहून ठेवला होता, तारीखवार, तपशिलासह. त्यांचं वकीलपत्र घेणं म्हणजे सरकारच्या नजरेत येणं. ते घेतलं सार्वजनिक काकांनी.

याच दिवसांत तिकडे काबूलला ३ सप्टेंबरला अफगाण सैनिकांनी इंग्रजांच्या वकिलातीवर हल्ला करून वकील काव्हान्यरीसह सगळ्यांना कापून काढलं. मेमध्ये झालेला तह चार महिन्यांत उडाला आणि युद्ध पुन्हा पेटलं.

७ नोव्हेंबर १८७९ रोजी फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हायकोर्टात अपील फेटाळलं गेलं. आता याच्या जोडीला दुसरी एक तारीख ठेवून बघा. १ नोव्हेंबर १८७९, म्हणजे निकालाच्या सहा दिवस आधी, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा लागू झाला. सावकाराने व्याज किती लावलं हे कोर्टाने तपासावं, जमिनी अशाच जाऊ देऊ नयेत, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशा त्यातल्या तरतुदी. कायद्याची तयारी पंचाहत्तरच्या दंग्यानंतर सुरू झाली होती, त्यामुळे तो फडक्यांमुळे आला असं म्हणणं बरोबर नाही. पण ज्या तक्रारींसाठी एक माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता, त्यातली निम्मी तरी खरी आहे हे त्याच सरकारने त्याच महिन्यात कायदा करून मान्य केलं होतं. कायदा लागू झाला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांना. घाटाखालच्या कुलाबा आणि ठाणे जिल्ह्यांना तो नव्हता. पेण-रोहा भागातल्या कुळांनी खोतांच्या जाचाविरुद्ध पुढे पन्नास वर्षांनी स्वतःची लढाई लढली. अलिबागजवळच्या चरीचा १९३३ पासूनचा शेतकऱ्यांचा संप त्यातलाच.

निकालानंतर फडक्यांना ठाण्याच्या तुरुंगात ठेवलं. पण अंदमानला न पाठवता त्यांना जानेवारी १८८० मध्ये जहाजाने एडनला नेण्यात आलं. एडन का? अरबस्तानच्या टोकावरचं हे बंदर तेव्हा मुंबई सरकारच्याच कारभाराखाली होतं आणि तिथे त्यांची भाषा बोलणारं, त्यांना लपवणारं कुणी नव्हतं. मागे वाळवंट, पुढे समुद्र.

फडक्यांचं जहाज एडनच्या वाटेवर होतं, त्याच जानेवारीत टेंपलचा आवडता प्रकल्प पुरा झाला. अफगाण सरहद्दीकडे फौज लवकर पोचावी म्हणून सिंधमधल्या रुकपासून सिबीपर्यंत रेल्वे टाकायचं काम ऑक्टोबरमध्ये सुरू झालं होतं. टेंपल त्यात जातीने लक्ष घालत होता. दोनशेहून जास्त किलोमीटरची लाईन, ओसाड रणातून, साधारण शंभर दिवसांत. मुंबई-गोवा महामार्गाने पेणला जाणाऱ्यांनी हा आकडा फार मनाला लावून घेऊ नये. पैसा आणि इच्छा असली की सरकार किती वेगाने हलतं, हे दुष्काळातल्या लोकांना मात्र तीन वर्षांपूर्वी बघायला मिळालं नव्हतं.

त्या युद्धाचा हिशोबही पुढे उलगडला. साठ लाख पौंडांच्या आसपास खर्च येईल असं लष्करी हिशोब खात्याने धरलं होतं. १८८० मध्ये उघड झालं की आकडा दीड कोटी पौंडांच्याही पुढे गेलाय. फडक्यांनी ज्या प्रकारच्या कचेरीत पंधराएक वर्षं लेखणी चालवली, त्याच खात्याची ही चूक. तोवर लिटन गेला होता. टेंपलही राजीनामा देऊन पार्लमेंटची निवडणूक लढवायला इंग्लंडला परतला होता.

फडके एडनमध्ये एकटे होते. एकदा त्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उचकटून काढलं आणि तुरुंगाची भिंत ओलांडून पळाले. काही तासांतच पकडले गेले. परक्या मुलखात, अनोळखी चेहऱ्याचा, बेड्यांच्या खुणा असलेला माणूस किती लांब जाणार? त्यानंतर पहारा आणखी कडक झाला. तब्येत ढासळत गेली, अन्न सोडलं आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ते गेले. योगायोग असा की त्याच १८८३ साली पनवेल तालुका ठाण्यातून काढून पेण, रोहा, अलिबाग, माणगाव, महाडच्या कुलाबा जिल्ह्यात टाकण्यात आला. म्हणून आज शिरढोण रायगड जिल्ह्यात येतं.

फडके गेले तरी सरकारी वर्तुळातून त्यांचा विषय गेला नाही. १८८५ मध्ये काँग्रेस स्थापन झाली, तिच्या मागे धडपडणारा ॲलन ह्यूम हा निवृत्त अधिकारी. त्याचं चरित्र लिहिलं विल्यम वेडरबर्नने. वेडरबर्न दख्खनमध्ये नोकरी केलेला, दंगे जवळून पाहिलेला माणूस. देशात असंतोष किती तापला होता हे सांगताना त्याने दख्खनमधल्या एका शिकलेल्या बंडखोराचा दाखला दिला आहे, जो स्वतःला शिवाजीचा वारस म्हणवत होता आणि ज्याने टेंपलच्या डोक्यावर बक्षीस लावलं होतं. नाव न घेता ते फडकेच. अशी माणसं पुन्हा निघू नयेत म्हणून शिकलेल्या लोकांना बोलायला एक जागा हवी, असं ह्यूम आणि वेडरबर्नसारख्यांना वाटत होतं.

आणि ते आत्मवृत्त? कोर्टात पुरावा म्हणून वाचलेलं ते इंग्रजी भाषांतर सरकारी दप्तरातच पडून राहिलं. १९५७ मध्ये मुंबई राज्य सरकारने स्वातंत्र्य चळवळीच्या साधनांचा पहिला खंड काढला, त्यात हे कागद छापले गेले. आईची नाकारलेली रजा, दुष्काळातली गावं, पळून जाणारे साथीदार, श्रीशैलचे दिवस, हे आज जे काही खात्रीने सांगता येतं, त्यातलं बरंचसं त्या सरकारी फायलीतून आलेलं आहे.